पहिलं पाणी धरणाचं नसतं

मुंबई
१८ जानेवारी १९७६

आदरणीय जळबादादांना धाकट्या मुंजाजीचा जयभीम,

तुमचं कार्ड मिळालं. डाव्या कोपऱ्यात ‘जा.क्र. ४’ पाहून खूप हसलो. चुलतभावाला खुशाली कळवायची तरी जावक क्रमांक! पाटबंधारे खात्यानं तुम्हाला पुरतं गिळलेलं दिसतं. चांगुणावहिनी म्हणत होत्या की घरच्या पत्राखालीही तुम्ही कार्बन घालता. घाला बापडे, आमच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल.

तुम्ही विचारलंत, तू तिथं नेमकं करतोस काय. काकांना सांगा, तुमचा पुतण्या थुंकीवर डॉक्टर होतो आहे. खोटं नाही. घास तोंडात गेला की लाळ सुटते, ती जबड्याजवळच्या ग्रंथींतून. मी उंदरांच्या त्या ग्रंथींचे पातळ काप करतो, औषधी पाण्यात जिवंत ठेवतो आणि त्यांना लाळ सोडण्याचा हुकूम देतो. हुकूम म्हणजे एक औषध. हुकूम पोचला की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं, आपल्या चुन्यात असतं तेच, आणि ते वाढल्याशिवाय पेशी कामाला लागत नाही. कॅल्शियम मला दिसत नाही, पण ते वाढलं की पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं. ते मोजायचं आणि आत काय घडलं ते ओळखायचं.

आता माझी अडचण. उंदराच्या याच ग्रंथीत एक पदार्थ सापडतो, त्यानं पेशींची वाढ होते. इथे त्याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात. माझ्या मनानं घेतलं आहे की हा ग्रोथ फॅक्टर नुसती वाढ करत नाही, तो पेशीला हुकूम जास्त जोरात पाळायला लावतो. म्हणून काही काप तीन तास ग्रोथ फॅक्टरमध्ये ठेवतो, काही नुसत्या औषधी पाण्यात. मग दोन्हींना एकच हुकूम देतो आणि सरांच्या रीतीप्रमाणे पहिल्या दोन मिनिटांत मोजतो. आकडा सारखा. चाळीस वेळा केलं, चाळीस वेळा सारखा.

सर परवा म्हणाले, “पाईकराव, दिवाळीपर्यंत काही हाती लागलं नाही तर हा विषय सोडा.” दादा, विषय सुटला तर डॉक्टरेट सुटली. मग मी परत येऊन बाळापूरच्या बाजारात तराजू धरायचा का? इथे झोप लागत नाही. तुम्हाला यातलं कळणार नाही हे ठाऊक आहे, पण सांगितल्यानं हलकं वाटलं.

तुमचा
मुंजाजी


सिद्धेश्वर धरण वसाहत
ता. हिंगोली, जि. परभणी
जा.क्र. ६
११ फेब्रुवारी १९७६

चि. मुंजाजीस जळबाचा जयभीम व मंगलकामना,

जावक क्रमांकाची चेष्टा खुशाल कर. ज्याच्या बदलीचा अर्ज साहेबाच्या टेबलावरून दोनदा गडप झाला, त्याला कार्बनची किंमत कळते.

तुझं पत्र घेऊन बाळापूरला गेलो आणि बाला वाचून दाखवलं. बा आधी खूप हसला. म्हणाला, “आमच्या आज्याची थुंकी गावाच्या रस्त्यावर पडलेली चालत न्हवती, आन आमचं पोरगं सरकारच्या पैशानं थुंकी मोजून राहिलं.” मी निघालो तेव्हा दारापर्यंत आला आणि म्हणाला, “मोज म्हणाव त्याला. बराबर मोज.”

तुझे उंदीर मला कळत नाहीत हे खरं. पण चाळीस वेळा आकडा सारखा येतो हे वाचून मला आमचं दोन चाऱ्यांचं प्रकरण आठवलं. मागच्या साली खात्यानं कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या एका चारीला नवं गेट बसवलं, दुसरीचं जुनं गंजकं तसंच ठेवलं. नवे साहेब मोजपट्टी घेऊन दोन्ही चाऱ्यांच्या शेवटाला जाऊन उभे राहिले. इकडं आम्ही गेटं उघडली. पाणी पोचलं तसं साहेबांनी पहिल्या अर्ध्या तासात मोजलं. दोन्हीकडं सारखं. साहेबांनी शेरा मारला की नव्या गेटचा काही उपयोग नाही.

तेव्हा सोनाजी बोलले. सोनाजी म्हणजे आमचे जुने पाटकरी, पाणी सोडण्याचं काम मला त्यांनीच शिकवलं. त्याच महिन्यात ते रिटायर होणार होते, म्हणून साहेबाची भीड नव्हती. म्हणाले, “साहेब, पहिलं पाणी धरणाचं नसतंय. मागच्या पाळीला सोडलेलं चारीत तुंबून असतंय, रेटा आला की तेच आधी फुडं येतंय. हात घालून बघा, कोमट लागंल. गार लागलं का मग मोजा.” साहेब कुरकुर करत तासभर थांबले. नव्या गेटच्या चारीत दीडपट पाणी भरलं.

आता तू मला सांग, तुझ्या पेशीत आधीचं काही साठून असतं का? असलं तर तू दोन मिनिटांत पहिलं पाणीच मोजून राहिला आहेस. ते ग्रोथ फॅक्टर असला काय अन् नसला काय, तेवढंच येणार. गेटाचा गुण त्याच्यानंतर दिसतो. सोनाजी आणखी एक करायचे. आधी गेट बंद ठेवून चारीतलं तुंबलेलं सगळं वाहून जाऊ द्यायचे, मगच गेट उघडायचे. तूही बाहेरचं बंद करून आतलं आधी संपव. मग बाहेरचं उघड, आणि थांबून मोज.

यात येडेपणा असेल तर हसून सोडून दे. मी मॅट्रिकचा माणूस. चांगुणानं तुझ्यासाठी करडईच्या तेलातलं लोणचं घातलं आहे, कुणी येणारं मिळालं की पाठवतो.

तुझा
जळबा


मुंबई
२२ मे १९७६

दादा, जयभीम. लोणचं पोचलं, पण आज लोणच्याचं बोलत नाही.

तुमचं पत्र मी आधी नुसतं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हातातला चहा खाली ठेवला. पेशीत साठा असू शकतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण माझ्या आकड्याशी त्याचा संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सरांच्याही नाही.

कापांच्या पाण्यातलं सगळं कॅल्शियम काढून टाकलं. बाहेरचं गेट बंद. हुकूम दिला. तरीही पोटॅशियम बाहेर पडलं आणि दोन-तीन मिनिटांत थांबलं. म्हणजे आत साठा आहे आणि पहिला जोर त्या साठ्याचाच. ग्रोथ फॅक्टरचे काप असोत की साधे, इथपर्यंत दोन्ही सारखे. हेच तुमचं कोमट पाणी, आणि हेच मी मूर्ख चाळीस वेळा मोजत बसलो होतो. मग बाहेर कॅल्शियम घातलं आणि वीस मिनिटं थांबलो. दादा, ग्रोथ फॅक्टरमध्ये भिजलेल्या कापांचा आकडा साध्या कापांच्या दीडपट आला, आणि तो टिकून राहिला. म्हणजे हा पदार्थ आतला साठा वाढवत नाही, तो बाहेरून कॅल्शियम आत यायची वाट रुंद करतो. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. आतापर्यंत अकरा वेळा झालं.

ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं, त्या ९ मार्चच्या पानावर माझ्या नोंदवहीत सगळ्या इंग्रजीच्या मधोमध मी मराठीत लिहून ठेवलं आहे, ‘पहिलं पाणी’. सर दोन मिनिटांपलीकडे मोजायला तयारच नव्हते. आकडे समोर ठेवले तेव्हा खुर्ची ओढून बसले आणि दोन चहा मागवले. एक माझ्यासाठी. तीन वर्षांत पहिल्यांदा.

हे छापून येईल. लेखाच्या शेवटी आभाराची ओळ असते. तिथे तुमचं नाव, हुद्दा आणि धरणाचं नाव मी टाकणार. कुणी काही म्हणो, हा माझा शब्द.

तुमचा
मुंजाजी


सिद्धेश्वर धरण वसाहत
जा.क्र. १९
१४ जून १९७६

चि. मुंजाजीस जयभीम,

तुझं पत्र चांगुणाला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा ती म्हणाली, “आता पाठ झालं मला बी.”

नाव टाकायचंच असेल तर सोनाजींचंही टाक, गोष्ट त्यांची आहे. सोनाजी लक्ष्मण खंदारे, निवृत्त पाटकरी. मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, “उंदराच्या तोंडात काय चारी असती व्हय रे?” पण मला दाराशी सोडायला आले तेव्हा डोक्याला पटका बांधून आले.

बाचं मात्र काही खरं नाही. विहारात, बाजारात, एसटीच्या थांब्यावर भेटेल त्याला सांगत सुटला आहे की आमच्या जळबाचं नाव परदेशात छापून येऊन राहिलं. मी म्हणालो, बा, आधी येऊ तर दे. तर म्हणतो, मला वाचता येत नाही, पण तू बोट ठेवून दाखव, मी बघंन. तेव्हा आता तू माघार घेऊ नको, नाहीतर मला बाळापूरला जायची सोय राहायची नाही.

तुझा
जळबा


मुंबई
९ जानेवारी १९७७

दादा,

माझा घात झाला. सात महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. लेख लिहिण्यात होतो. सरांना लिहून दिला, त्यांनी इंग्रजी सुधारून पाठवतो म्हणून ठेवून घेतला. परवा मासिकाचा अंक आला. लेख माझा, आकडे माझे, आकृत्या मी शाईनं काढलेल्या. नावं दोन, सरांचं आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंचं. माझं नाव आभाराच्या ओळीत, ‘तांत्रिक मदतीसाठी’. उंदीर पुरवणाऱ्याच्या नावाशेजारी.

मी जाऊन विचारलं. म्हणाले, “कल्पना माझी होती पाईकराव, तुम्ही हात चालवला.” दादा, त्या माणसासमोर चार वर्षं मान खाली घालून उभा राहिलो, आणि त्यानं मला हात ठरवलं. ज्याचं डोकं त्याचं नाव, एवढा साधा न्याय जगात असू नये का? आपल्या लोकांचं डोकं कुणी मोजतच नाही. तुम्हाला काय सांगू, आतून जळतो आहे.

मी तक्रार दिली आहे. तिघांची समिती बसणार, मार्चमध्ये सुनावणी. सर म्हणणार की गेल्या मार्चच्या सुरुवातीला कल्पना त्यांनी दिली. मला दाखवायचं आहे की ती त्याच्या आधीपासून माझ्याजवळ होती. म्हणून माझी तुमच्याकडची सगळी पत्रं पाठवा. आणि सोबत एक मजकूर टाइप करून पाठवतो आहे, तो स्टॅम्प पेपरवर उतरवून सही करून द्या:

‘मी जळबा कोंडीबा पाईकराव, पाटकरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझे चुलतबंधू मुंजाजी हे जानेवारी १९७६ मध्ये गावी आले असता त्यांनी पहिल्या पाण्याची कल्पना मला समजावून सांगितली. ती त्यांची स्वतःची आहे.’

दादा, मी जानेवारीत आलो नव्हतो हे मला माहीत आहे. एक शब्द इकडचा तिकडे केला आहे, एवढंच. समितीपुढे मी जर म्हणालो की ही गोष्ट मला धरणावरच्या पाटकऱ्यानं सांगितली, तर तिघे हसतील आणि माझी तक्रार त्या हसण्यात वाहून जाईल. तुम्ही मला लहानपणापासून सांभाळलं आहे. एवढं शेवटचं सांभाळा.

मुंजाजी


सिद्धेश्वर धरण वसाहत
जा.क्र. ३
३ फेब्रुवारी १९७७

चि. मुंजाजीस,

तुझं पत्र आलं तेव्हा पाण्याची पाळी चालू होती. चौदा दिवस कालव्यावरच होतो, त्यामुळं उत्तराला उशीर झाला असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. पत्र खिशातच होतं. काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुझ्या सरांनी जे केलं ते वाचून माझं रक्त तापलं. चांगुणा रडली. पहिलं पान वाचून झालं तेव्हा मी तिला म्हणालो, सुट्टी काढतो आणि मुंबईला जाऊन त्या माणसासमोर उभा राहतो. मग दुसरं पान वाचलं. वाचून मी अंगणात जाऊन बसलो. चांगुणा विचारत होती, “काय झालं? काहून बाहेर येऊन बसले?”

मुंजाजी, मॅट्रिकनंतर आपल्या दोघांतल्या एकालाच पुढं पाठवता येत होतं. तुझा बाप नव्हता म्हणून बाने तुला पाठवलं. मी कधी काही बोललो नाही, कारण मला ते बरोबर वाटलं होतं. आजही वाटतं. पण आयुष्यात एकदा माझ्या डोक्यातून एक गोष्ट निघाली आणि तुझ्या कामाला आली. ती तूच माझ्या सहीनं माझ्याकडून काढून घेतोस? सरांनी तुझं नाव न विचारता काढलं. तू मला विचारून काढतो आहेस, हाच काय तो फरक. ज्याचं डोकं त्याचं नाव, हे तुझंच वाक्य आहे. मी ते तुझ्या पत्रातून घेतलं म्हणून तुझं नाव सांगतो.

तरी मी हिंगोलीला गेलो. कचेरीबाहेर उत्तमराव अर्जनवीस बसतात, त्यांच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. ते तुझा मजकूर आणि माझा मजकूर दोन्ही वाचून म्हणाले, “जळबाराव, भावाचा फायदा होऊन राहिला तर त्याच्या मनासारखं लिहून टाका की. तुमचं काय जातंय?”

मी म्हणालो, “माझं जे काय होतं तेच आता जातंय, ते तुमाला दिसत न्हाई.”

माझा मजकूर असा आहे: ‘पहिल्या पाण्याची गोष्ट मला सोनाजी लक्ष्मण खंदारे यांनी शिकवली. ती मी ११ फेब्रुवारी १९७६ च्या पत्रानं मुंजाजीला कळवली. त्यावरून उंदराच्या पेशीचा प्रयोग त्यानं एकट्यानं बसवला. त्याच्या सरांचा यात काही संबंध मला माहीत नाही.’ यात तुझं काही कमी होत नाही. प्रयोग तुझाच आहे, ते माझ्या बापाला जमलं नसतं. आणि सरांच्या मार्चच्या आधीची तारीख यात आहे. तुला पाहिजे ते सगळं यात आहे, फक्त मी पण आहे.

तुझी सगळी पत्रं सोबत पाठवतो. हसतील तर हसू दे. आम्ही हसण्याला सरावलेलो आहोत, तूही होतास. कागद लावशील तर सगळे लाव.

जळबा


मुंबई
२० ऑगस्ट १९७७

आदरणीय दादांना जयभीम,

तुमची तीन कार्डं मिळाली. सुनावणी, मग थिसिस, मग नवीन जागेचा अर्ज, यात सवड झाली नाही. आनंदाची बातमी अशी की समितीनं माझ्या बाजूनं निकाल दिला. मासिकानं दुरुस्ती छापली आहे, आता पहिलं नाव माझं, मग सरांचं; त्या बाईंचं काढलं. लेखाच्या नव्या प्रती काढल्या, एक काकांसाठी सोबत पाठवतो. डॉक्टरेटचं काम आता अडणार नाही.

कसं झालं ते सांगतो. कागदपत्रांचा गठ्ठा मी बॅगेत घेऊन गेलो होतो, तुमचा स्टॅम्प पेपरही होता. पण तो काढायची वेळच आली नाही. समितीतल्या एकांनी माझी नोंदवही चाळताना ९ मार्चचं पान उघडलं आणि सरांना विचारलं, “इथे ‘पहिलं पाणी’ असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय?” सरांना सांगता येईना. ज्याची कल्पना त्यालाच शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, हे तिघांच्याही लक्षात आलं. तिथेच निकाल लागला. मग त्यांनी मला विचारलं. मी कालवा, तुंबलेलं पाणी, कोमट आणि गार, सगळं समजावून सांगितलं. ते फार खूश झाले. एक जण म्हणाले, “पण हे तुम्हाला सुचलं कुठून?”

दादा, रागावू नका. सगळं माझ्या बाजूनं चाललेलं होतं. त्या क्षणी पत्रं काढली असती तर पुन्हा पहिल्यापासून प्रश्न सुरू झाले असते. मी म्हणालो, “आमच्या भागात तशी एक म्हण आहे.”

आणि तसं पाहिलं तर तुम्हालाही ती सोनाजींनीच सांगितली ना? त्यांना कुणी सांगितली असेल? अशा गोष्टी गावाच्या असतात. आभाराची ओळ या वेळी सरांच्या हातात होती, पुढच्या लेखात तुमचं नक्की बघतो. पत्रांचा गठ्ठा माझ्याजवळ सुरक्षित आहे.

वहिनींना आणि काकांना नमस्कार.

तुमचा
मुंजाजी


सिद्धेश्वर
११ सप्टेंबर १९७७

मुंजाजी,

लेखाची प्रत पोचली. डॉक्टर होशील, त्याचा मला आनंद आहे. असं लिहिताना हात अडत नाही, म्हणजे खरंच असेल.

तू म्हण म्हणालास. म्हणीला आईबाप नसतात, म्हणून ती कुणीही वापरावी. मी पाटकरी आहे, मॅट्रिक आहे, काय म्हणशील ते आहे, पण म्हण नाही. मी ११ फेब्रुवारीला रात्रपाळी करून आलो आणि दोन कागद लिहिले. तुझी झोप उडाली होती म्हणून लिहिले. सोनाजींकडून मी गोष्ट घेतली ती त्यांचं नाव घेऊन घेतली, तीन वेळा लिहिलं आहे, मोजून बघ. तुझ्या सरांना शब्दाचा अर्थ माहीत नव्हता म्हणून ते हरले. तुला अर्थ माहीत होता आणि माणूसही माहीत होता. गठ्ठा तुझ्या बॅगेत होता. सरांनी केलं ते मला दुखलं नाही, तो माणूस माझा कोण? तू केलंस ते दुखलं. हे स्पष्ट लिहितो, मनात ठेवून नासवत नाही.

आता घरचं ऐक. सोनाजी जुलैत वारले. लेखाचं त्यांना काही सांगायचं राहिलं नाही, ते एक बरं झालं.

बा इथंच आहे, पाय दुखतो म्हणून आणला आहे. टपाल आलं तेव्हा ओट्यावर बसला होता. लिफाफा मोठा बघून म्हणाला, “आलं का रे छापून?” आत पत्र वाचून मी प्रत आणून दिली. त्यानं ती उलटी धरली, चांगुणानं सरळ करून दिली. मग म्हणाला, “बोट ठेव. तुजं नाव कुठंय?”

चांगुणा माझ्याकडं बघत राहिली. तिला मी आत पत्र वाचून दाखवलेलं होतं.

मी तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणालो, “हे बघ बा, हे.” बा म्हणाला, “आन मुंजाजीचं?” मी खालच्या, तुझ्या सरांच्या नावावर बोट सरकवलं. बाने दोन्हीवरून हात फिरवला. म्हणाला, “व्हय. दोघं भाऊ लगालगी हायेत.” संध्याकाळपर्यंत तो कागद त्याच्या मांडीवर होता.

तू मागितलेली खोटी सही मी स्टॅम्प पेपरवर केली नाही. ती माझ्या बापासमोर बोटानं केली. म्हणजे शेवटी तुझ्या मनासारखंच झालं. बा आहे तोवर हे असंच राहील, तेव्हा तू आलास की तूही तेच सांग. तेवढं तरी तुला जमेल.

सोबत जाड पाकीट आहे. त्यात मी तुला लिहिलेल्या सगळ्या पत्रांच्या कार्बनप्रती आहेत, ११ फेब्रुवारीचीही. तुझी पत्रं तुझ्याकडं आधीच आहेत, २० ऑगस्टचंही या पाकिटात घातलं आहे. एवढ्या तिकिटात हे पाकीट तुझ्या सरांच्या पत्त्यावरही गेलं असतं, असं तुझ्या मनात येईल. माझ्याही आलं होतं. पाठवलं नाही. आता माझ्याजवळ एकही कागद नाही. पुढं कधी तुला कुणी विचारलं की हे सुचलं कुठून, तर म्हण होती की माणूस होता, हे सांगणारा तू एकटाच उरलास.

उद्यापासून पाळी आहे. या पत्राला जावक क्रमांक घातलेला नाही आणि खाली कार्बनही घातला नाही.

जळबा